औटकी

तुळजापूर तालुक्यातल्या माणसाला साडेतीन हा आकडा शिकवावा लागत नाही. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठं, वणीची सप्तशृंगी हे अर्धं. अर्धं म्हणून वणीला कुणी अर्धा नारळ वाहत नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्या आजोबांच्या पिढीला तर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोंडपाठ असायची. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा असं म्हणत म्हणत ते बाजारात हिशोब करायचे आणि कागदावर ‘३॥’ लिहून मोकळे व्हायचे. आकड्यापुढे एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण.

तोच साडेतीन मी एक्सेलच्या चौकटीत टाकला आणि शेजारी ‘रोमन’ नावाचं सूत्र लावलं. उत्तरात तीन उभ्या काड्या आल्या. म्हणजे तीन. अर्धं पीठ सूत्रानं सोडून दिलं होतं. मग ३.९ घालून बघितलं, तरी तीनच. हे सूत्र अपूर्णांकाला दारातच अडवतं, आणि अडवल्याचं सांगतही नाही.

असले उद्योग मी एरवी करत नाही. निमित्त तामलवाडीचं. सोलापुरातून तुळजापूरकडे निघालं की महामार्गावर तामलवाडी लागते. बाहेरच्यांना ती टोलनाक्यामुळे माहीत. आमच्यासाठी ते बहिणीचं गाव. भाच्याचं तिथं छोटं दुकान आहे: झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, पीकविमा, सातबारा, आठ अ. काउंटरवर कायम कुणीतरी आधार कार्ड धरून उभा. मी गेलो तेव्हा तो एका जमिनीच्या व्यवहाराची कागदपत्रं लावत होता. कागद इंग्रजीतले, आणि वकिलांनी बजावलेलं, की परिशिष्टांना आकडे रोमनच पाहिजेत.

“मामा, हे बगा की. रोमन तर झाले, पर क्रमच लागंना.”

त्यानं काम तसं रीतसर केलं होतं. पहिल्या रकान्यात एक, दोन, तीन. दुसऱ्यात सूत्र, आणि चौकटीचा कोपरा धरून खालपर्यंत ओढलेलं. क्षणात सगळी परिशिष्टं रोमन झाली. त्यानंतर त्यानं सूत्रांच्या जागी त्यांची उत्तरं चिकटवली, साधे आकडे पुसून टाकले, फक्त रोमन ठेवले आणि यादी चढत्या क्रमानं लावायला सांगितली. एक्सेलनं लावली. एक, दोन, तीन, चार, नऊ, पाच, सहा, सात, आठ, दहा. चार आणि पाचच्या मध्ये नऊ येऊन बसला होता, आणि एक्सेलच्या मते त्यात गैर काही नव्हतं. ते आकडे उरलेच नव्हते ना, अक्षरं झाली होती. नऊ पाचच्या आधी येतो, कारण नऊची सुरुवात आय या अक्षरानं होते आणि पाचची व्ही या अक्षरानं. शब्दकोशात शब्द लावावेत तसे त्यानं लावले.

मी गंमत म्हणून त्या रकान्याची बेरीज मागितली. शून्य.

इथं मला ते काम आवडायला लागलं. साधा आकडा रोमन करायचा म्हणजे त्याची लिपी बदलायची, असं मी समजत आलो होतो. प्रत्यक्षात त्याची नोकरी बदलते. तो हिशोबातून निवृत्त होतो. त्याला मिळवता येत नाही, वजा करता येत नाही, रांगेतही तो आकड्यासारखा उभा राहत नाही. उरतो तो फक्त मान. आणि जरा आजूबाजूला बघितलं तर दिसतं, की माणसं रोमन नेमका त्याच आकड्यांना चढवतात ज्यांची बेरीज कुणी करू नये, करायची गरजही पडू नये: राजे, पोप, परिशिष्टं, कायदे. पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज मिळून अकरावा जॉर्ज होत नाही.

सूत्राचे स्वतःचेही नखरे आहेत. कंसात आकड्यानंतर स्वल्पविराम देऊन शून्य ते चार यांतला एक अंक टाकला की तो रोमन आकडा आखूड आखूड होत जातो. ४९९ घ्या. शास्त्रोक्त रूप सहा अक्षरांचं: सी-डी-एक्स-सी-आय-एक्स. चार म्हटलं की उरतात दोन अक्षरं, आय आणि डी. पाचशेला एक कमी. मधली तीन रूपं या दोन टोकांच्या मधली. हा काटकसरीचा पर्याय कुणाच्या उपयोगाला येत असेल ते देव जाणे. उलट घड्याळाच्या तबकडीवर जुने कारागीर चारच्या जागी चार काड्या काढायचे, ते रूप या पाचांतल्या एकाही पर्यायात मिळत नाही. भिंतीवरच्या घड्याळाला जे चालतं ते एक्सेलला चालत नाही. आणि वरची मर्यादा ३९९९. चार हजार टाकले की ‘व्हॅल्यू’ची चूक. रोमन लोक अक्षरावर आडवी रेघ मारून हजारपट करायचे, पण ती रेघ सूत्राला ठाऊक नाही.

भाच्याला मी सांगितलं, साधे आकडे पुसू नकोस. त्यांच्यावर क्रम लाव आणि छापताना तो रकाना लपव. “म्हंजे खरा हिशोब लपवायचा आन् दाखवायचा रोमन,” तो म्हणाला. सरकारी कागदाची इतकी नेमकी व्याख्या मी कुणाकडून ऐकली नव्हती.

त्याच कागदांत सातबाराही होता. यादीत भाच्यानं ‘७/१२’ टाइप केलं आणि एंटर दाबताच चौकटीत ‘०७-डिसें’ उमटलं. एक्सेलच्या लेखी सात बटा बारा म्हणजे डिसेंबरची सात तारीख. फॉरमॅट बदलून बघावं तर आत पाच आकडी संख्या निघते, १९०० च्या जानेवारीपासून मोजत आलेल्या दिवसांची. ज्या कागदावर घरादाराचं भांडण चालतं, त्याचं नाव लिहायला गेलो तर दिवस मोजून हातात येतात. आधी एक अवतरणचिन्ह टाकलं की तो शहाण्यासारखा ‘७/१२’ राहतो. रोमनमध्ये लिहिलं तर मात्र काहीच करावं लागत नाही. व्ही-आय-आय आणि एक्स-आय-आय ही अक्षरं एक्सेलला तारीख वाटत नाहीत.

आणि सातबारा मुळात आहे तसाच. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचं पत्रक, बारा ही पिकांची नोंदवही, सहा म्हणजे फेरफार. असे एकवीस नमुने तलाठ्याच्या कपाटात असतात, आणि इंग्रजी नियमांत ते रोमन आकड्यांनीच छापलेले. ज्या महसूल संहितेखाली हे सगळं चालतं ती १९६६ ची. कायद्याच्या इंग्रजी पुस्तकात तिचा क्रमांक एक्केचाळीस, म्हणजे एक्स-एल-आय, असा रोमनच. भारतीय दंड संहिताही १८६० चा पंचेचाळिसावा कायदा म्हणून रोमन अक्षरांत उद्धृत व्हायची. गंमत अशी, की तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता २०२३ चा पंचेचाळिसावाच कायदा आहे. पण हा पंचेचाळीस आता साध्या अंकांत लिहितात. दीडशेहून जास्त वर्षांत आकडा तोच राहिला, फक्त झूल उतरली.

सात या आकड्याचा आमच्या जिल्ह्याशी आणखी एक संबंध आहे. परवापरवापर्यंत ज्याच्या नावानं हा जिल्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला जायचा, तो मीर उस्मान अली खान म्हणजे सातवा निजाम. इंग्रजी कागदोपत्री आसफजाह, पुढे व्ही-आय-आय. १९११ ला गादीवर आला आणि १९४८ च्या १७ सप्टेंबरला त्याचं राज्य संपलं. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. सातव्याचं नाव गेलं, नमुना सात राहिला.

त्या राजवटीत तुळजापूर तालुका निजामाचा आणि सोलापूर इंग्रजांचं. आज टोलला गाडी थांबते तिच्या मागेपुढेच कुठेतरी तेव्हा दोन मुलखांची शीव होती, आणि शीव ओलांडली की रुपयाही बदलायचा. सोलापुरात कलदार, इकडे हाली. सहा कलदार म्हणजे सात हाली. कलदारावर इंग्रज राजाचं तोंड आणि त्याच्या नावापुढे रोमन आकडा. हालीवर चारमिनार, उर्दू अक्षरं आणि उर्दू अंक. शिवेजवळच्या माणसाच्या खिशात दोन्ही चलनं असायची. त्याला रोमन सहा वाचता येत नसेल, पण सात हालीचे सहा कलदार करताना तो फसायचा नाही. राजा कितवा याच्याशी त्याला काय करायचं होतं? नाणं किती आण्यांचं एवढंच त्याला बघायचं.

निजामाच्या दफ्तरात तर आकड्यांचा आणखी एक वेश होता. सियाक. फारसी-उर्दू हिशोबनिसांची ही पद्धत, मोगलांपासून चालत आलेली. अरबी भाषेतले संख्यांचे शब्द लिहिता लिहिता इतके झिजले, मोडले, की त्यांच्या खुणा झाल्या. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. शून्याला जागाच नाही. जुने कागद घेऊन हिंडणाऱ्या माणसाला हा आकडा वाचून देणारा शोधणं हे केवढं काम आहे, ते ज्याच्या वाट्याला आलं त्यालाच माहीत. २०१८ मध्ये युनिकोडनं भारतीय सियाकच्या खुणांना संगणकात जागा दिली. जागा दिली, सूत्र काही दिलं नाही. साधा आकडा घालावा आणि सियाक बाहेर पडावा अशी सोय एक्सेलमध्ये नाही. रोमची आहे, हैदराबादची नाही.

सियाक आणि रोमन यांच्यात एक गुण सारखा आहे, आणि तो हिशोबनिसाला फार प्रिय. त्यात हात मारणं अवघड. आपल्या शून्याला शेपूट काढली की सहा किंवा नऊ होतो, पुढे एक शून्य वाढवलं की रक्कम दसपट. म्हणून फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानं १२९९ साली नियम केला, की वहीत हे नवे अंक वापरायचे नाहीत. रकमा रोमन अक्षरांत किंवा शब्दांत लिहायच्या. नवे अंक म्हणजे आपलेच, अरबांच्या मार्फत तिकडे गेलेले. आज आपण चेकवर ‘अक्षरी रुपये’ लिहून खाली ‘फक्त’ घालतो ती धास्ती तीच आहे. हिशोब अंकांनी करावा आणि शाबूत ठेवायचा तर अक्षरांत ठेवावा, ही शहाणीव सराफांत इथूनतिथून सारखी.

रोमन सूत्राला उलटं फिरवणारंही एक सूत्र आहे. त्याचं नाव अरेबिक. काड्याअक्षरांतल्या सातचा पुन्हा मोजता येणारा सात करून देतं. जे अंक अरबांनी स्वतः हिंदी अंक म्हणून घेतले, ते युरोपात पोचेपर्यंत अरबी झाले, आणि एक्सेलनं तेच नाव कायम केलं. यावर छाती बडवायचं कारण नाही. फेरफार वेळेवर नोंदवला नाही की मालकाचं नाव असंच बदलतं.

पण रोमन खुद्द आमच्या भागात आले होते का? माणसं आली असतील-नसतील, माल नक्की आला. धाराशिवजवळ तेरणेच्या काठी तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवहीत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं गाव सांगितलंय. तिथून साधं कापड आणि मलमलीचे नाना प्रकार गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरावर जायचे. ते तगर म्हणजेच तेर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी हयातभर वेचून जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय गावात आहे. तिथल्या वस्तूंत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीच्या घराण्यातली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथं पोचली होती. रोमन नाण्यांची नक्कल करणारी मातीची पदकंही तेरला सापडली आहेत, भोक पाडून गळ्यात घालायची. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या माणसानं रोमन नाण्यावरचं सम्राटाचं तोंड उचललं आणि मातीत उतरवून गळ्यात बांधलं. नाण्याची शोभा घेतली. त्यांची मोजणी घेतली नाही.

घेण्याची गरजही नव्हती. नाणेघाटातल्या सातवाहन लेखात यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे दगडात कोरलेले आहेत, ब्राह्मी अंकांत. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण. एक्सेलचं रोमन सूत्र या दक्षिणेपुढे हात टेकतं.

त्याहून मला नाशिकचा लेख जवळचा वाटतो. पेरिप्लसच्या काळात भडोचच्या बाजूला ज्या नहपानाचं राज्य होतं, त्याचा जावई उषवदात. त्यानं नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, तेही विणकरांच्या दोन श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजानं. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याज खायचं. पहिल्या ठेवीतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. करून बघा: दोन हजारांवर महिना शेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका कवडीची चूक नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला नव्वद होतात, तेही पाऊण दरानं. हा सगळा हिशोब दगडात आहे, आणि त्यात पाऊण आहे. लेण्यात उभं राहून मी तो मनातल्या मनात केला तेव्हा पाऊणकी येत असती तर बरं झालं असतं असं वाटलं. दोन हजार वर्षांपूर्वी विणकरांच्या वहीत जो अपूर्णांक चालत होता, तो या सूत्रात घातला तर शून्यही येत नाही. चौकट रिकामी राहते.

अन्याय मात्र करायला नको. खुद्द रोमनांना अर्धं येत होतं. ते बाराचे भाग करायचे, एकेका बाराव्या हिश्शाला एकेक ठिपका मांडायचे आणि अर्ध्याला एस हे अक्षर. तीन काड्या आणि पुढे एस म्हणजे साडेतीन, आमच्या ‘३॥’सारखंच. सूत्र करणाऱ्यांनी राजांचे आणि प्रकरणांचे रोमन आकडे उचलले, बाजारातले टाकून दिले. साडेतिसरा राजा कुठून असणार?

शून्याची गोष्ट राहिलीच. रोमनांकडे शून्याला अक्षर नव्हतं, म्हणून एक्सेलमध्ये शून्याचा रोमन मागितला तर चूक दाखवत नाही आणि उत्तरही देत नाही. कोरी चौकट. आमच्याकडे याला एक घोषणा आहे: सातबारा कोरा करा. २०१७ च्या कर्जमाफीत मर्यादा दीड लाखाची होती, २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या कर्जमुक्तीत दोन लाखांची. ह्यातली कुठलीही रक्कम सूत्रात घाला, ‘व्हॅल्यू’ची चूक येते, शून्य घाला, कोरं. एवढ्या बाबतीत सूत्राचा आणि शेतकऱ्याचा एकमेकांशी मेळ बसतो.

फक्त सातबारा तसा कोरा होत नाही. कर्ज फिटलं, माफ झालं, तरी इतर हक्कात बँकेचा बोजा असतोच. बँकेचा दाखला आणायचा, तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, नमुना सहामध्ये फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. आणि मग ती ओळ पुसत नाहीत. तिला कंस करतात, शेजारी फेरफाराचा नंबर घालतात. बोजा उतरलेल्या कित्येक उताऱ्यांवर बापाच्या, आजाच्या वेळची सोसायटीची कर्जं अशी कंसात बसलेली दिसतात. आणा-पैशांतली.